चुकीच्या फलाटावरची पाटी

सिद्राम: आगं, पर तुजी दुरुस्ती घेतली का न्हाय त्यांनी, ते आदी सांग!

धम्मप्रिया: घेतली, आप्पा! जशीच्या तशी घेतली. ते माहितीचं पान सांभाळणाऱ्या तिकडच्या, परदेशातल्या दोघांनी तपासली आणि आत्ता मेल आला.

सिद्राम: आरं वा! वाघीण हाय माजी पोरगी! आता जरा इस्कटून सांग. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात जन्म गेला माजा, मला कॉम्प्युटरचं काय कळतंय?

धम्मप्रिया: नेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. तो वाचायला प्रोग्रामचे तयार तुकडे असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. एक जुनं आहे, एक नवं. नवे लांबलचक पत्ते जुन्याला वाचताच येत नाहीत. आणि जगभरचे लोक ज्यावरून काम करतात, त्या माहितीच्या पानावर खाली काय लिहिलेलं? लांब पत्त्यांसाठी अमुक पान पाहा. आणि ते पान जुन्याचं!

सिद्राम: म्हंजी पुण्याच्या गाडीची पाटी मिरजेच्या फलाटावर.

धम्मप्रिया: अगदी! मी पाटीवर विश्वास ठेवला आणि ऑफिसातला प्रोग्राम बंद पडला. उदयसिंह सर सगळ्यांदेखत म्हणाले, हिला साधं वाचता येत नाही.

सिद्राम: लई रडली हुतीस.

धम्मप्रिया: आणि तुम्ही म्हणत होता, साहेबाची माफी मागून मोकळी हो!

सिद्राम: नोकरी जाईल म्हून भ्यालो की गं. पर तू कुटं कुणाचं ऐकतीस, थेट त्या पानवाल्यांनाच चूक कळवलीस! बरं, साहेब काय म्हंतोय आता?

धम्मप्रिया: ऑफिसच्या ग्रुपवर टाकलंय त्यांनी. ऐका. 'चूक त्या पानाची होती, धम्मप्रियाची नव्हती. मी बोललो ते मागे घेतो.'

सिद्राम: परत वाच.

धम्मप्रिया: आप्पा!

सिद्राम: वाच की! तुज्या आईला बी ऐकू दे. आगं ए, ग्यास बंद कर आन् हितं ये आदी!

धम्मप्रिया: थांबा, मेलमध्ये अजून एक गंमत आहे. दुरुस्तीखाली पूर्ण नाव द्यावं लागतं. मी शाळेच्या सवयीनं आडनाव आधी लिहिलं, सरवदे धम्मप्रिया सिद्राम. त्यांच्यात आडनाव शेवटी. त्यांनी लिहिलंय, 'मिस सिद्राम, आपले मनापासून आभार.'

सिद्राम: आत्ता गं बया! माजं नाव पार तितवर गेलं? मग ही चूक बी कळवावी लागंल की तुला.

धम्मप्रिया: नाही कळवणार.

सिद्राम: का गं?

धम्मप्रिया: ही राहू दे, आप्पा.