चेहरे निळे का आले

हॅलो?… हां, बोल गं ठमे… अगं मावशीच बोलतेय, आवाज तेवढा बसलाय, बाकी सगळी मीच आहे. कुठून बोलतेस? मागे कसला धांगडधिंगा चाललाय?… कॉम्प्युटरच्या दुकानात? मला न सांगता?… बरं बरं, आता सांगतेयस, कळलं. घेतलंस का काही?… नाही ना? मग कोणाला हो म्हणू नकोस अजून. समोर काय आहे ते सांग आधी.

वळलेला?… धनुष्यासारखा वाकलेला पडदा? आणि मागून लाल-हिरवे दिवे लागतात?… अगं, तो खेळात गाड्या पळवणाऱ्यांसाठी, बंदुका चालवणाऱ्यांसाठी. तू चित्रं काढतेस. वाकड्या पडद्यावर सरळ रेघ ओढून बघ, ती सरळ आहे की नाही यावरून तुझं तुझ्याशीच भांडण लागेल… छान दिसतो? दिसणारच! दुकानात मासे पोहताना दाखवतात, फुलं उमलताना दाखवतात. तिथे सगळेच पडदे देखणे. दुकानदारांना म्हणावं, नुसता करडा रंग दाखवा, पडदाभर. मध्ये आणि कोपऱ्यात सारखा दिसला पाहिजे. मग तू बाजूला सरकून तिरकं बघ. रंग बदलला की नमस्कार करायचा आणि पुढच्यापाशी जायचं.

काय म्हणतात ते?… 'फोनवर कोण आहे?' सांग ना, माझी मावशी आहे म्हणावं, कार्टूनच्या मागची झाडं-डोंगर रंगवते, कागदावर ब्रशने रंगवायचे तेव्हापासून… हसले? हसू देत. हसले म्हणजे माणूस बरा आहे.

पण एक सांग, तू अशी अचानक कशी निघालीस? परवा तर म्हणत होतीस, पुस्तक हातावेगळं झाल्यावर बघू… प्रूफ आलं? छापून? मग हे आधी सांगायचं की गं! कसं आलंय?… निळे? कोण निळे?… मुलांचे चेहरे? सगळ्या पानांवर?… अगं, अगं, रडू नकोस, जरा बाजूला हो. बस कुठेतरी… खुर्ची दिली का? बघ, म्हटलं ना माणूस बरा आहे… हं. संपादक बाई काय म्हणाल्या?… 'मुलं थंडीने गारठल्यासारखी दिसतात.' बरं. आणि?… 'रंगाची नजर कच्ची आहे.' असं म्हणाल्या?

नाही, ऐक ना. अगं ऐक ना! तुझी नजर कच्ची असती तर मी तुला केव्हाच सांगितलं असतं, माझी जीभ काही गहाण पडलेली नाही. तुझ्यासाठी स्वेटर विणला होता मी, आठवतो? घातलास आणि म्हणालीस, मावशी, या दोन बाह्या एका लोकरीच्या नाहीत. शेवटी लोकर कमी पडली म्हणून मी दुसरा गुंडा आणला होता, तोच रंग, तीच कंपनी. ना मला दिसलं, ना विकणाऱ्याला, ना तुझ्या आईला. तू शाळेतसुद्धा जात नव्हतीस तेव्हा… हो, घातला नाहीसच तो नंतर, मला माहीत आहे.

तर ती नजर कुठे गेली नाही. गेलंय दुसरंच काहीतरी. लॅपटॉप आहे बरोबर?… पिशवीत? शाबास. एक चित्र पेन ड्राइव्हवर घे आणि त्यांना म्हणावं, तुमच्या मशीनवर लावा. साधा सपाट पडदा हवा. चकाकणारा नको, मॅट. तुझं तोंड दिसतंय का त्यात? दिसत असेल तर तो केस विंचरायला बरा, रंगवायला नाही.

ते लावतायत तोवर मशीनचं बोलू… पेनाने थेट पडद्यावरच काढायचं असतं तो? नको गं. त्यावर ओणवी होऊन मान जाईल तुझी, माझी गेलीच आहे. तुझी ती कॉम्प्युटरला जोडायची काळी पाटी आहे ना, पेनाची? हाताला बसलेलं अवजार बदलू नये. पाटी ठेव, पडदा मोठा घे आणि डोळ्यांच्या उंचीवर लाव. उंची कमी-जास्त होते का ते हाताने करून बघ… मोठं ग्राफिक्स कार्ड? कशाला? तू काय सिनेमातली लढाई बनवणार आहेस? रॅम वाढव, रॅम. तुझी चित्रं थरावर थर घालून केलेली असतात, मशीनला ते सगळे थर एकदम हातात धरावे लागतात. म्हणून तर तुझा लॅपटॉप अडतो. आणि चित्रांची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर…

अहो! दार बघा ना, बेल वाजतेय केव्हाची!… तुला नाही गं, काकांना.

लावलं चित्र? कसं दिसतंय?… तिथेही निळं? आणि लॅपटॉपवर?… बरोबर दिसतंय. गुलाबी गाल, गव्हाळ हात, सगळं बरोबर… काय? 'दुकानातला पडदा खराब आहे'? थांब जरा. दुकानातला पडदा म्हणतो निळं, छापलेला कागद म्हणतो निळं. ते दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. एकटा तुझा लॅपटॉप म्हणतो गुलाबी. मग खोटं कोण बोलतंय?… हां.

आता एक कोरा पांढरा कागद माग त्यांच्याकडून. लॅपटॉपवर रिकामं पान उघड आणि कागद अगदी शेजारी धर. काय दिसतं?… नीट बघ, घाई नाही… पिवळं? किती पिवळं?… उन्हात राहिलेल्या वर्तमानपत्रासारखं. आणि हे आज बघतेयस तू!… अगं नाही, तुला कसं दिसणार? डोळा लबाड असतो. पिवळ्यासमोर बसवलं की घटकाभरात त्यालाच पांढरं म्हणायला लागतो. मग पिवळ्या पडद्यावर गाल गुलाबी दिसावेत म्हणून तू निळा घालत गेलीस. पान उलटलं की पुन्हा घातलास. नजर चोख होती म्हणूनच तर सगळ्या पानांवर सारखा घातलास!

सेटिंगमध्ये जा. डिस्प्लेमध्ये. रात्रीचा उजेड की काय म्हणतात ते, पडदा पिवळा करणारं, सापडलं?… चालू आहे? दिवसभर? बंद कर… हळू! किंचाळू नकोस, दुकान आहे ते.

तू नाही केलंस मग कोणी केलं? लॅपटॉप कोणाच्या हातात गेला होता?… बॅटरी बदलायला? कोण घेऊन गेलं होतं?… तुझी आई? ताईच तर! आलं लक्षात. तिनेच सांगितलं असणार त्या माणसाला, पोरगी दिवसभर डोळे फोडते, डोळ्यांना त्रास होणार नाही असं काहीतरी करून द्या. त्याने दिलं करून… नाही हं! आईवर ओरडायचं नाही. तिने आपल्या परीने डोळे सांभाळले तुझे. संध्याकाळी माझ्यासमोर हसत हसत सांगू तिला, नाहीतर आठवडाभर जेवणार नाही ती.

आता दुरुस्ती. घाबरू नकोस, ऐक. निळा सगळीकडे एकाच मापाचा आहे, तर एकाच मापाने काढता येईल. आधी तो काढ, मग एकेक चेहरा हाताने बघ. नवा पडदा आणलास की माझं रंग जुळवायचं यंत्र घेऊन जा, पडद्यावर लटकवायचं असतं, उंदराएवढं आहे. आणि खिडकीकडे पाठ करून बसू नकोस… काय पुटपुटतेस? मोठ्याने बोल.

काय केलंस?… कधी?… सकाळी बाईंना मेसेज पाठवलास? की पुस्तक दुसऱ्या कोणालातरी द्या? अगं बाई! पहिलं पुस्तक तुझं, आणि एका निळ्या गालापायी परत केलंस? मला एक फोन करता आला नाही?… वाचला का त्यांनी?… वाचलाय. उत्तर नाही. हं.

मग फोन लाव त्यांना. आत्ता. त्या दुकानातूनच… काय वाटायचं ते वाटेल. सकाळी सोडलं, दुपारी धरलं, असं म्हणतील. म्हणू देत. खरं आहे तेच म्हणतील… 'त्यांनी दुसऱ्याला दिलं असेल तर?' तर दिलं असेल. पण ते त्यांच्या तोंडून ऐक, आपल्या मनाने ठरवू नकोस.

हे काय टूं-टूं वाजतंय मध्ये? तुझ्याकडे कोणाचा फोन येतोय का?… बाईंचाच? मग उचल ना!… काय सांगू म्हणून मला काय विचारतेस? झालं ते सांग. पडदा पिवळा होता, मी तपासला नव्हता. चित्रं माझी आहेत, दुरुस्तीही मीच करणार. आणि दोन चेहरे आज सुधारून दाखवते म्हणावं… नाही, मी लाइनवर नाही थांबणार. मी थांबले तर तू त्यांना सोडून माझ्याशीच बोलत बसशील… अगं वाजतोय तो, बंद होईल! ठमे!… ठेवत नाहीस ना तू? बरं. मीच ठेवते.