रगत सात टक्के

डॉक्टर : ...आणि जेवण कसं आहे, आजी?

हरणाबाई : त्ये मला नका इचारू. ही सून माजी, दैवशाला. वाढती ती. तिलाच इचारा.

दैवशाला : दोन येळंला ज्वारीची भाकर, मेथी, डाळ. रगत सात टक्के हाय कळल्यापासून तालुक्याला वाशीच्या बाजारातून बीट आणते, खजूर आणते. तरी वाढंना, मॅडम.

डॉक्टर : जेवणानं वाढणारच नाही. हे किडनीमुळं झालंय.

हरणाबाई : किडनी तर लघवीची असती की!

डॉक्टर : तिचं अजून एक काम असतं. रक्त तयार होतं हाडांच्या आत. पण 'बनवा आता' हा निरोप किडनी धाडते. बारा वर्षं बीपी, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. किडनी थकलीय. निरोपच जात नाही. त्यात लोहही कमी झालंय.

दैवशाला : म्हंजी... माज्या वाढण्यात कमी पडलं न्हाय?

डॉक्टर : अजिबात नाही. अहो, रडता कशाला?

दैवशाला : चार महिनं झालं ऐकते, मॅडम. शिवकन्याताई, यांची लेक, ईट गावाला दिलीय. फोनवर म्हणल्या, माज्या आईला उपाशी मारायलीस का?

हरणाबाई : म्या तसं न्हाय सांगितलं तिला.

दैवशाला : आत्या, तुमीच सांगितलाव. म्या दाराआड हुते.

हरणाबाई : ...मॅडम, औषीद काय हाय त्ये सांगा.

डॉक्टर : लोह शिरेतून देऊ. आणि दर आठवड्याला कातडीखाली एक सुई, तो निरोप बाहेरून द्यायचा. किडनी पहिल्यासारखी होणार नाही, पण उरलीय तेवढी सांभाळू. बीपीची गोळी एकही चुकवायची नाही. बीट-खजूरही आता मापात, थकलेल्या किडनीला ते जड जातं. गुडघ्यासाठी काही घेता?

हरणाबाई : मेडिकलमधून आणते की, दुखायच्या गोळ्या.

डॉक्टर : त्या आजपासून बंद. किडनीला त्या वाईट.

हरणाबाई : आन दर आठवड्याला धाराशिवला यायचं? एसटीतनं उतरून इथवर येताना तीनदा बसले म्या.

डॉक्टर : चिठ्ठी देते, सुई वाशीच्या मेडिकलमधून घ्या आणि गावातल्या नर्सकडून टोचून घ्या. फक्त घरी नेताना थंड राहिली पाहिजे.

दैवशाला : थर्मासात बर्फ घालून नेते.

(दोन महिन्यांनी. तीच खोली, तिघीच.)

डॉक्टर : नऊ पॉइंट आठ! चेहऱ्यावर दिसतंय, आजी.

हरणाबाई : परवा शेरडामागं तळ्यापतुर गेले. एकदाच बसले.

दैवशाला : न सांगता गेल्या, मॅडम! म्या हुडकत हुडकत गेले, तर ह्या बाभळीखाली बसून शिवकन्याताईंसंगं फोनवर बोलायल्या. मला बघून फोन ठिवला.

डॉक्टर : बीपी किती येतंय?

दैवशाला : ह्या वहीत लिवलंय, रोजचं.

डॉक्टर : छान. रक्त अजून थोडं वाढलं की सुई पंधरा दिवसांवर नेऊ. फार वर मात्र न्यायचं नाही. पण आजी, लेकीशी एवढं काय चोरून बोलत होता?

हरणाबाई : चोरून कशाचं? म्हणलं, किडनी माजी बिघडली आन बिल म्या सुनंच्या नावावर फाडलं. तू तिला बोललीस त्ये माज्यामुळं. आता तूच फोन लाव तिला.

दैवशाला : म्हून काल ताईंचा फोन आल्ता? नुसतं पाऊसपाणीच इचारलं त्यांनी.

हरणाबाई : तिला बी जड जातंय. माजीच लेक हाय ती. मला बी घरात तुज्या तोंडावर बोलाय जमंना, म्हून तर तळ्यावर गेले.

दैवशाला : आत्या, जाऊ द्या आता.

हरणाबाई : जाऊ कसं द्यायचं? मॅडम, एक काम करा. हिचं रगत बघा.

दैवशाला : माजं? मला काय झालंय?

हरणाबाई : काय झालेलं नसू दे, बाई. आजवर कुणी बघितलं न्हाय. बस हितं, बाही वर कर.