पूरदरवाजा क्रमांक दोन कोणी उघडला

मी, पूरदरवाजा क्रमांक दोनवरील चालक, वय त्रेचाळीस वर्षे, व्यवसाय पूरनियंत्रण खात्यात नोकरी, राहणार दरवाजालगतचे खात्याचे क्वार्टर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व एका मुलीसह राहतो. नदीच्या डाव्या काठाला जो मातीचा बांध आहे त्यात तीन लोखंडी दरवाजे आहेत. त्यांपैकी मधला, म्हणजे क्रमांक दोनचा, माझ्या ताब्यात आहे. हा दरवाजा उघडला की नदीचे पाणी बांधाच्या मागच्या सखल भागात उतरते व खाली शहराकडे जाणारा लोंढा कमी होतो. त्या सखल भागात एक वस्ती आहे. तिला सगळे खालची वस्ती म्हणतात. माझे सासरे त्याच वस्तीत राहतात. म्हणजे राहत होते.

माझे सासरे सुतारकाम करतात. वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांना मी मामा म्हणतो. वस्तीत मात्र त्यांना कायदेकाका म्हणतात, कारण कोणताही नवा कायदा आला की ते तो मिळवून, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून वाचतात. काकांना शिंक आली तरी ती कोणत्या कलमाखाली आली ते सांगतात, अशी त्यांची थट्टा होत असे. आमचे आपसात कधी वाकडे होते का, असे विचारल्यावरून सांगतो की, सासऱ्या-जावयात असते तेवढे होते. त्याहून जास्त नाही.

गेली काही वर्षे पावसाचे तंत्र बदलले आहे. पूर्वी आठवडाभर पडायचा तेवढा आता एका दुपारी पडतो. त्यामुळे सरकारने नवा कायदा केला. त्याचे सरकारी नाव लांबलचक आहे, लोक त्याला पूरवाट कायदा म्हणतात. नदी लाल खुणेवर गेली की दरवाजे उघडून पाणी सखल भागात सोडायचे व शहर वाचवायचे, आणि त्याआधी सखल भागातल्या प्रत्येक घराच्या बदल्यात उंचावर घर द्यायचे, असे त्यात होते.

या कायद्यावर जनसुनावणी झाली तेव्हा मी खात्याच्या वतीने हजर होतो. वस्तीतले बहुतेक लोक विरोधात होते. मामा उठले आणि बाजूने बोलले. ते म्हणाले, "नदी आता जुन्या वळणाने वागत नाही. तिला हातपाय पसरायला जागा दिली नाही तर ती आपणहून घेईल, आणि घेताना कुणाला विचारणार नाही. आज कायदा आपल्याला विचारतोय तोवर हो म्हणा. उंचावर घरं मिळतायत." लोकांनी त्यांचे ऐकले. सुनावणीनंतर विधानसभेतल्या आमच्या भागाच्या सभासदांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "काका, घरं झाल्याशिवाय पाण्याचा एक थेंब सोडू देणार नाही. माझा शब्द आहे." हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

पुढे निवडणूक झाली. सभासद पुन्हा निवडून आले. त्यानंतर कायद्यात एक दुरुस्ती झाली. मूळ कायद्यात "घरे बांधून झाल्यावर" असे होते, तेथे "घरे बांधण्याची कार्यवाही सुरू झाल्यावर" असे आले. उंचावरच्या माळावर एक फलक लावण्यात आला. ती कार्यवाही समजण्यात आली.

मामांनी ती दुरुस्ती वाचली त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला होते. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. पत्नी म्हणाली, "बाबा, आता?" ते म्हणाले, "भाजीत मीठ जरा कमी आहे."

घटनेच्या दिवशी, म्हणजे गेल्या मंगळवारी, वरच्या खोऱ्यात पहाटेपासून पाऊस होता. सकाळी खात्याने भोंगा वाजवला व खालची वस्ती रिकामी करण्याचा हुकूम काढला. लोकांना ट्रकमधून शाळेच्या सभागृहात नेण्यात आले. ध्वनिक्षेपकाची गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली, आत गल्ल्यांत शिरली नाही, कारण तोवर गल्ल्यांत घोटाभर पाणी होते.

दुपारी पाणी लाल खुणेवर गेले. खात्यातल्या माझ्या वरिष्ठ साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "दोन नंबर उघड. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर पाणी शिरायला लागलंय. तिथून माणसं वर न्यायला लिफ्ट चालत नाही." मी विचारले, "साहेब, वस्ती पूर्ण रिकामी आहे का?" ते म्हणाले, "कागदावर रिकामी आहे." त्यानंतर फोन कट झाला आणि पुन्हा लागला नाही.

मी मोटर सुरू केली. दरवाजा वीतभर उचलला असेल नसेल, वीज गेली. वीज नसली की दरवाजा हाताने, चाक फिरवून उचलावा लागतो. त्या चाकाला समोरासमोर दोन दांडे आहेत व ते दोघांनी मिळून फिरवायचे असते. एकट्याच्याने ते जागचे हलत नाही. मी हलवून पाहिले. माझा जोडीदार रस्ता वाहून गेल्यामुळे पलीकडे अडकला होता. तो कामचुकार नाही, हेही लिहून घ्यावे.

तेवढ्यात मामा बांधावरून चालत आले. ते दरवाजा उघडायला आले नव्हते. ते मला सांगायला आले होते. ते कमरेपर्यंत भिजलेले होते. म्हणाले, "जावईबापू, शेवटच्या घरापर्यंत बघून आलो. कोणी राहिलेलं नाही. एक म्हातारी माळ्यावर बसली होती, तिला ट्रकात बसवून दिलं. तुमची गाडी आत आलीच नाही, म्हणून म्हटलं तुम्हाला कुणीतरी खरं सांगावं."

मी त्यांना वीज गेल्याचे सांगितले. हॉस्पिटलचेही सांगितले. मग मी म्हणालो, "मामा, या. धरा."

हे शब्द माझे आहेत. ते मी मोठ्याने व स्पष्ट म्हणालो, कारण पाण्याचा आवाज फार होता.

मामा जागेवर उभे राहिले. वस्तीकडे पाहिले. बांधावरून त्यांचे घर दिसते, निळ्या दाराचे. ते म्हणाले, "दुसरं कोणी नाही?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "माझ्याच हाताने होय?" मी माझ्या बाजूचा दांडा धरला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पलीकडचा दांडा धरला.

आम्ही चाक फिरवले. मध्ये एकदा ते थांबले. मला वाटले दम लागला, म्हणून मीही थांबलो. ते म्हणाले, "थांबू नका, थांबलो तर पुन्हा धरणं माझ्याच्याने व्हायचं नाही." दरवाजा पूर्ण उघडेपर्यंत आम्ही चाक फिरवत राहिलो. पाणी वस्तीत कसे गेले, ते मी पाहिले. त्याचे वर्णन करण्यास मला सांगू नये.

संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलमधले पाणी उतरले. तिथे कोणी दगावले नाही असे मला नंतर कळले. वस्तीतही कोणी दगावले नाही. दरवाजा उघडायला नको होता, असे माझे म्हणणे नाही. मामांचेही नाही.

आम्ही चाक फिरवत असताना पुलावरून कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले. त्यात मी खांबाच्या आड आहे, मामा समोर दिसतात. ते चित्रण सगळीकडे फिरले. दुसऱ्या दिवशी विधानसभेत आमच्या भागाच्या सभासदांनी निवेदन केले की, दरवाजा खात्याने नव्हे तर एका अनधिकृत इसमाने उघडला. कायद्यात असे आहे की, अधिकृत माणसाने पाणी सोडले तरच घराच्या बदल्यात घर मिळते. म्हणून चौकशी होईपर्यंत वस्तीतल्या कोणालाच घर मिळणार नाही, असे जाहीर झाले. त्याच दिवशी खात्याने मामांविरुद्ध सरकारी मालमत्तेत ढवळाढवळ केल्याची तक्रार दिली. तीच ही तक्रार.

मी शाळेच्या सभागृहात मामांना भेटायला गेलो. तिथे खाटांच्या रांगा लावल्या आहेत. माणसे दाटीवाटीने झोपतात, काही जमिनीवर झोपतात. मामांच्या दोन्ही बाजूंच्या खाटा रिकाम्या होत्या. मी विचारले, "इथं कोणी नाही?" ते म्हणाले, "बरं आहे की. पाय पसरायला जागा आहे." सुनावणीत नदीबद्दलही ते असेच बोलले होते, ते आठवून त्यांना स्वतःलाच कसेसे झाले असावे, कारण ते भिंतीकडे वळून बसले.

त्यांच्या शेजारी राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई तिथे आल्या. त्या मामांना म्हणाल्या, "काका, सकाळी माझी मशीन माळ्यावर चढवायला तुम्हीच हात लावलात. आणि दुपारी चाकालाही तुम्हीच. मला एवढंच सांगा, मशीन चढवताना तुमच्या मनात काय होतं?" मामा म्हणाले, "माळ्यापर्यंत येणार नाही असं वाटलं होतं, ताई." बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं म्हणून आम्हाला वाटलं. कायम असंच झालं." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मामांना सोपे गेले असते, असे मला वाटते. हे माझे मत आहे, ते लिहायचे नसल्यास गाळावे.

जबाब देण्यापूर्वी कोणी दबाव आणला का, असे विचारल्यावरून सांगतो की, दबाव म्हणता येणार नाही. साहेब माझ्या क्वार्टरवर आले होते. चहा घेतला. म्हणाले, "तू एवढंच सांग की म्हातारा आपणहून आत घुसला. तू नको म्हणत होतास. तुझी नोकरी राहील, हे घर राहील. त्याचं वय बघून कोर्टही त्याला सोडून देईल. कुणाचं काही बिघडत नाही." मी म्हणालो, "वस्तीचं?" ते म्हणाले, "वस्तीचं वरचे बघतील." साहेबही वाईट माणूस नाही. त्यांना वरून आले, त्यांनी खाली ढकलले. पाण्याचाही तोच न्याय आहे.

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "बाबांनी हातच लावला नाही असं सांगा. म्हणजे लोकांना घरं मिळतील." मी म्हणालो, "चित्रण आहे." ती म्हणाली, "मग म्हणा, ते आधाराला धरून उभे होते." मग ती म्हणाली, "तुम्ही त्यांनाच का हाक मारलीत?" मी म्हणालो, "तेच होते." त्यानंतर ती आत गेली. तेव्हापासून आमच्यात कामापुरते बोलणे आहे.

मी मामांनाच विचारले. ते म्हणाले, "झालं तसं सांगा, जावईबापू. खोटं बोलून मिळवलेलं घर कुणी तपासायला आलं की हातचं जातं. तेवढी माणसं दोनदा बेघर करायची का?" मी म्हणालो, "खरं बोलून तरी मिळेल का?" ते म्हणाले, "ते मला आता सांगता येत नाही. पूर्वी सांगत होतो."

तरी खरे असे आहे की, दरवाजा क्रमांक दोन उघडण्याचा हुकूम मला खात्याकडून होता. वीज गेल्यावर चाकाला हात लावण्यास मामांना मी सांगितले. मी दरवाजाचा अधिकृत चालक असून त्या वेळी तिथे माझ्यावर दुसरा अधिकारी नव्हता. त्यांनी जे केले ते माझ्या सांगण्यावरून केले, म्हणून ते खात्याचेच काम धरावे असे माझे म्हणणे आहे. बाहेरच्या माणसाला दरवाजावर घेणे खात्याच्या नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. त्याची जी शिक्षा असेल ती माझी. वस्तीला घरे देताना याचा उपयोग होईल की नाही, हे मला माहीत नाही. वकिलांनी खात्रीने सांगितलेले नाही.

साहेब मला बोलणे शिकवून गेले, हेही मी वर सांगितलेच आहे. त्याबद्दल माझी वेगळी तक्रार नाही. सभासदांबद्दलही नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो ऐकणारे मी आणि मामा असे दोघेच आहोत. माझे म्हणणे इतकेच की, कायदा चांगला होता. घरे आधी झाली असती तर त्या दुपारी मामा उंचावर आपल्या ओसरीत बसून नदी पाहत असते आणि मला दुसरा कोणी तरी शोधावा लागला असता.

माझ्यानंतर मामांचा जबाब घ्यायचा आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत. सुरुवातीला त्यांना राहण्याचा पत्ता विचारला जाईल. तिथे काय लिहायचे ते ठाण्याने आधीच ठरवून ठेवावे, त्यांना तोंडी विचारू नये, एवढी विनंती आहे.

हा जबाब मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. एके ठिकाणी "सासऱ्यांनी चाक फिरवले" असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "आम्ही चाक फिरवले" असे केले आहे व खोडलेल्या जागी माझी सही घेतली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून खरा आहे.