यादीतलं राहिलेलं नाव

गेवराईच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

“वर्षा, मिटव ते आता. तुझी मल्लम्मा आत्या पाटोद्याला वाट बघायलीय. मामाशिवाय तिच्या पोरीचा साखरपुडा हुतो व्हय?”

“आप्पा, लिनक्स म्हंजी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, तिच्या नव्या आवृत्तीत प्रोग्रामची पॅकेजं घेणं आज पाच वाजता बंद करतेत. तोवर दुरुस्त न्हाई केलं तर माझं काढून टाकतेत.”

“माझं म्हंजी?”

“संख्याशास्त्राची लायब्ररी, म्हंजी आकडेमोडीचे तयार प्रोग्राम. कुणालाबी सहज बसवता यावी म्हणून मी बांधून देते.”

“घरी तर चालतंय म्हणलीस की!”

“घरच्या मशीनवर लागणारं सगळं आधीच होतं. म्हणून सोबत काय काय लागतं त्या यादीत एक नाव लिहायचं राहिलं. आता कोऱ्या मशीनवर बसंना.”

“आईवर गेलीस. भाजी सांगताना मीठ सांगतच न्हाई ती.”

“हसू नका, ती यादी नीट करू द्या मला.”

“वापरतंय तरी कोण ते?”

“ब्राझीलच्या एका पोरीनं लिहिलंय, तिचा सगळा प्रबंध याच्यावरच हाय.”

“पाटोदा, पाटोदा! काका, येता का? गाडी सोडायलोय,” कंडक्टर ओरडला.

“किती वेळ लागंल गं?”

“अर्धा तास.”

“जाऊ द्या मास्तर तुमी.”

मग बापाने फोन लावला.

“हां मल्लम्मा, गाडी हुकली बघ आमची. काय? कोण वरडतंय पाटोदा-पाटोदा? काय की बाई, मला तर काईच ऐकू येईना.”