मूळची झडप

आखातात, अल् घुब्राच्या हॉस्पिटलात मी माझ्या नंबराची वाट पाहत बसलो होतो. एक मराठी जोडपं हृदयाच्या डॉक्टरांकडून बाहेर आलं आणि माझ्या शेजारी येऊन बसलं.

"अहो, डॉक्टर झडप बदला म्हणतात आणि तुम्ही विचारता, डागडुजीवर भागणार नाही का?"

"वसुंधरा, मूळची वस्तू काढून टाकणं हा अगदी शेवटचा उपाय. गेली वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून मी जुन्या इमारतीच वाचवतोय."

"तुम्ही इमारत नाही आहात."

"निझव्याजवळची ती मातीची गढी पुरी होऊ दे. मग पुढच्या वर्षी बघू."

"तिथून रोज दीडशे किलोमीटर गाडी हाणत येता."

"रात्री सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणूनच येतो ना?"

"परवा जिना चढताना मध्येच खाली बसलात. आपली पोरगी यशश्री अजून धसक्यात आहे. रात्री उठून तुमचा श्वास चालू आहे का बघून जाते."

"मला नाही बोलली ती."

"तुम्हाला कशी बोलेल? बरं, एक सांगा. त्या गढीची मोठी तुळई तुम्ही का बदललीत? तीही मूळचीच होती."

"वाळवीने पोखरली होती गं. अख्खं छप्पर तिच्यावर होतं."

"मग?"

त्यांनी मांडीवरची रिपोर्टची फाईल मिटली.

"बरं, बदलू दे."

"यल्ला, चला, उठा. आत्ताच तारीख घेऊ."

"पण वसू, जुनी झडप ते आपल्याला देतील का?"

"घरी आणायची नाही! तीन जुने दरवाजे आधीच पलंगाखाली आहेत."