रंगाच्या बादलीतले बटाटे

मंडळी, ऐका. आधी मला एक सांगा — कुणावर माया केली, तर ती रुजली का, हे रोज बघायचं असतं का? नुसत्या माना डोलावू नका! ऐका!

कराडात एक इंदूताई केंजळे. पोटी मूल नाही. नवराबायकोनं संस्थेतून मुलगी आणली — मैना. सात वर्षांची. आधी एका घरी गेलेली, तिथून परत आलेली. परत! अहो, दुकानात साडी परत करतात, लेकरू परत करतात?

मैना इंदूताईंना म्हणायची 'मॅडम'. संस्थेतली सवय! आणि इंदूताईंचा जीव अडकलेला एकाच शब्दात — आई. पोर शाळेतून आली की विचारायच्या, मी आवडते का गं? भात वाढताना विचारायच्या, करमतं ना इथं? पोर नुसती मान हलवायची.

एकदा टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आले. इंदूताईंनी कोंब धरून फोडी केल्या, राख लावली, रंगाच्या रिकाम्या बादलीला खालून भोकं पाडली, माती-शेणखत घातलं आणि दोघींनी मिळून गच्चीवर बटाटे लावले! आणि बाई आळीभर सांगत सुटल्या — एकादशीला यंदा आमच्या बादलीतले बटाटे! आपल्याकडं उपास म्हणजे काय? पोटाला सुट्टी? छे! बटाट्याचा सण!

पानं आली. झाड वाढेल तशी वरून मातीची भर घालायची, घातली. आणि एकाएकी झाडांनी माना टाकल्या. पाणी आहे, ऊन आहे — मग झालं काय? एका सकाळी इंदूताई लवकर वर गेल्या. बघतात तर — मैना बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली!

"अगं, काय करतेस?"

पोर पांढरीफटक. नखांत माती. म्हणाली, "बटाटे आलेत का बघते. रोज बघते." मग हळूच, "मॅडम, नाही आले तर मला परत पाठवणार?"

मंडळी... इंदूताईंनी तिचे मातीचे हात आपल्या हातात घेतले.

"बटाटे नाही आले तर मंडईतून आणू. तुला कुठून आणू गं?"

तिचे हात पदरानं पुसत त्यांनी समजावलं, रोज उकरलं की मुळं तुटतात बाळा, झाड घाबरतं — आणि बोलता बोलता बाई मध्येच थांबल्या. आपण रोज काय करतोय, ते त्यांना उमजलं.

दुसऱ्या दिवशी वर गेल्या, तर मैना बादलीपुढं बसलेली — दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून! हात लावायचा मोह नको म्हणून! इंदूताई शेजारी टेकल्या. त्यांनीही हात मागं घेतले. काही विचारलं नाही. आणि मैनानं हळूच डोकं त्यांच्या दंडाला टेकवलं.

काय माई, काय म्हणता? पुढं आई म्हणाली का? बटाटे किती निघाले?

अहो, तुम्ही पण उकरायलाच लागलात की!

आज घरी जाल. लेकरू गप्प असेल, सून गप्प असेल — शेजारी बसा. विचारू नका. भर घालावी, पाणी घालावं, एवढंच आपल्या हातात. मातीखालचं बघणारा वर बसलाय! आणि इथं मात्र हात मागं नकोत हं — पुढं घ्या, टाळी द्या, आणि मोकळ्या गळ्यानं त्याचं नाव घ्या!