पहिल्या दिवशी घ्या, बाबा

—नको, साखरेचा नको. अहो भाऊ, मधुमेह नाही मला, नवस आहे. चार वर्षं झाली. देवापुढे हात जोडून म्हटलं होतं मी, बाप-लेक एकमेकांशी धड बोलतील त्या दिवशी तोंड गोड करीन, तोवर चहासुद्धा बिनसाखरेचा. आता तुम्ही म्हणाल, खेळांच्या दुकानात येऊन ही बाई नवसाचं काय सांगत बसलीय—सांगते, त्याचाच तर सगळा घोळ आहे. तुम्ही आधी तो वरचा डबा खाली काढा, तो नाही, पलीकडचा, तटबंदीचं चित्र आहे तो. आजच आलाय ना बाजारात? हातात नका देऊ. नुसता समोर ठेवा. घ्यायचा की थांबायचं, ते अजून ठरत नाहीये माझं.

थांबा म्हणता? बघा, दुकानदार असून थांबा म्हणता, म्हणजे सरळ माणूस आहात. हे डावपेचांचे खेळ पहिल्या दिवशी कच्चेच असतात, दोन-तीन पॅच येऊन गेले की मग घ्यावेत—हे का मला ठाऊक नाही? पॅच म्हणजे मागाहून पाठवलेली दुरुस्ती, एवढं कळतं हो मला. तुम्हाला वाटलं असेल नातवासाठी आलीय. नातू कुठला, लेकाचं लग्नच व्हायचंय. मी स्वतः खेळते. याच्या आधीचा जो भाग होता ना, त्यात सुरुवातीला घोडदळ नदीच्या पाण्यावरून चालत जायचं. पहिला पॅच आला आणि घोडे बुडायला लागले, पण घोड्यांबरोबर पूलही बुडायला लागले. सहा पॅच लागले सगळं जागच्या जागी यायला. आमच्याकडे तो खेळ आला तो सहाव्या पॅचनंतरच. घरचा नियम आहे तसा. नियम आमच्या ह्यांचा.

हे कारखान्यात तपासनीस होते, बत्तीस वर्षं. यांचा शिक्का पडल्याशिवाय एक पेटी गेटबाहेर जायची नाही. आता निवृत्त झालेत, पण शिक्का अजून हातातच आहे असं समजा—मी शर्टाला बटण लावलं की दोनदा ओढून बघतात. लग्नाला होकार द्यायला सव्वा वर्ष घेतलं होतं, तेव्हा मला वाटायचं विचारी मनुष्य आहे. वाईट नाहीत हो. अजिबात वाईट नाहीत. फक्त दुसऱ्याच्या हातातली वस्तू दिसली की आधी तिची खोट दिसते त्यांना. आणि लेक आमचा, एकुलता एक, तोही तपासनीसच निघाला! खेळ बनवणाऱ्या कंपनीत. दिवसभर खेळायचं, कुठे काय मोडतंय ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. हे शेजाऱ्यांना सांगायचे, माझंच काम करतो, फक्त याचे हात काळे होत नाहीत. केवढं कौतुक होतं! मग त्याच्या कंपनीचा पहिला खेळ आला, हा तटबंदीवाला नव्हे, त्याच्याही आधीचा. ज्या दिवशी आला त्याच दिवशी डबा घेऊन घरी हजर, शेवटी नावं वर वर सरकत जातात ना, त्यात त्याचं नाव, मला तीनदा दाखवलं. हे अकरा दिवस खेळले तो खेळ. वहीत लिहीत लिहीत. बाराव्या दिवशी लेकाचे कचेरीतले चौघे मित्र जेवायला आलेले, पानं वाढलेली, आणि यांनी वही उघडली. त्रेचाळीस दोष. क्रमांक घालून. मी म्हणतेय अहो भात निवतोय, तर म्हणाले, सव्विसाव्यावर आलोय, थांब.

त्रेचाळिसावा वाचून झाला तेव्हा लेक म्हणाला, "बाबा, तुमचे त्रेचाळीस आहेत, मी दोनशे सहा लिहून दिले होते. तरी वरच्यांनी विकायला काढला." झालं, एवढ्यावर मिटलं असतं की नाही? पण नाही. हे म्हणाले, "मग तुझा उपयोग काय तिथे? यापुढे तुझ्या हाताखालून गेलेला खेळ मी पॅच आल्याशिवाय घरात घेणार नाही." बोलले खेळाबद्दलच. पण चार मित्रांसमोर ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं, ते मला दिसत होतं ना—तो उठला, हात धुतले, आणि गेला. त्यानंतर यांच्याशी एक अक्षर नाही. मला फोन करतो, दर बुधवारी, हे वाचनालयात जातात त्या वेळेला. आणि हे? नाव घेत नाहीत त्याचं. "तुझे साहेब" म्हणतात.

तर खेळावर आलं कसं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, संध्याकाळचे पाच, हे बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी, तोच सहा पॅचवाला खेळ खेळत, आणि पडद्यावर बोलावणं आलं—अमका अमका तुमच्याबरोबर खेळू इच्छितो. लेकाचं नाव. यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. त्या दिवशी तिसऱ्यांदा हो! बोलावणं पडद्यावर तसंच लुकलुकतंय. आता तुम्ही सांगा, दारात उभ्या असलेल्या पोराला कोणती आई तसं ठेवील? मी बसले आणि 'हो' वर दाबलं.

त्याने लिहिलं, कसे आहात बाबा. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, बरा. चार मिनिटं लागली, पण यांनाही तेवढीच लागतात, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. पुढे काही अवघड गेलं नाही. बरा, बघू, घाई नको, आधी धान्याचं बघ—एवढ्यावर यांचं सगळं भागतं. चाळीस वर्षांच्या संसारात मला तरी याहून जास्त कुठे मिळालंय? त्या संध्याकाळी मी इतकी खुशीत, चहात चमचाभर साखर घातली, ढवळली, कप तोंडाला लावला आणि म्हटलं, अगं बाई, पण बोललं कोण? मोरीत ओतून दिला.

खोटं? खोटं कसं म्हणता भाऊ! बरा म्हणाले, तर बरेच होते की ते. त्यांच्या मनाविरुद्ध मी एक शब्द लिहिला नाही... सुरुवातीला. दर रविवारी पाच ते सहा, नेमच झाला. खेळायची म्हणाल तर माझी पद्धत निराळी पडते थोडी. मला कोठारं जाळवत नाहीत. शत्रूचं शहर उपाशी पडलं की मी धान्याच्या गाड्या पाठवते. लेकाने एकदा लिहिलं, बाबा, तुम्ही कधीपासून शत्रूला धान्य द्यायला लागलात? आणि हे माझ्या खुर्चीमागे उभे, हाताची घडी घालून, ते पुटपुटले, "मीही तेच विचारतोय." हो, मागे उभे असतात ना! रोज नाही, रविवारी. मी कुणाशी खेळते ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फक्त अधूनमधून म्हणतात, डावा बुरूज मोकळा पडलाय. किंवा, "त्या तुझ्या माणसाला सांग, रस्ता आधी बांध, मग भिंत." मी लिहिते, रस्ता आधी बांध, मग भिंत. म्हणजे ते वाक्य तर त्यांचंच झालं की नाही? मग खोटं कुठे राहिलं?

एकदाच जरा... ते असं झालं, हे चार दिवस बहिणीकडे गेले होते. मागे कुणी नव्हतं. खेळ रंगलेला. आणि मी लिहिलं, त्या दिवशी मी जास्त बोललो. चुकून. आता चुकून सबंध वाक्य कसं लिहिलं जाईल, नका हसू. लिहिलं खरं. पलीकडे त्याचं सैन्य आपलं नुसतं उभं. मग उत्तर आलं, "बाबा, तुम्हालाही पॅच आला वाटतं." आणि पुढे एक हसरा चेहरा. मी रडले हो. पुढच्या बुधवारी फोनवर मला सांगतो, "आई, बाबा बदललेत गं." मी म्हटलं, हो का? मला तर काही जाणवलं नाही बाई. सगळ्या प्रकरणात तेवढं एकच वाक्य मी खरं बोलले असेन.

आता अडचण ऐका, म्हणजे मी इथे का उभी आहे ते कळेल. गेल्या रविवारी त्याने लिहिलं—पाठ झालंय मला—"शुक्रवारी नवा खेळ येतोय. तपासणाऱ्यांचा मुख्य आता मी आहे. या खेळाला मी स्वतः हो म्हटलंय. या वेळी पॅचची वाट बघू नका. पहिल्या दिवशी घ्या, बाबा. एकदाच. रविवारी पाचला मी नव्या खेळात वाट बघतो." मी हे वाचलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास. धावले. परत आले तर हे खुर्चीमागे उभे होते. म्हटलं, वाचलं की काय! तर म्हणाले, "गॅस बंद केलास का?" बस, एवढंच.

आणि बुधवारी फोनवर लेक म्हणतो, आई, एकच खोट राहिलीय गं खेळात, आपली मराठी अक्षरं उमटत नाहीत, नुसते रिकामे चौकोन दिसतात. दोन आठवड्यांनी पॅच येईल तेव्हा लिहिता येईल, तोवर माइकवर बोलायचं. आणि काय खूश! म्हणाला, बरंच झालं, चार वर्षांत बाबांचा आवाज ऐकला नाही मी. आता बोला! आवाज कुठून आणू मी? घोगरा काढून बघितला न्हाणीघरात, शेजारीण विचारायला आली सर्दी झालीय का. थांबावं, तर अक्षरं येतील, माझं सुरळीत चालेल, पण लेक म्हणेल बाबांनी याही वेळी थांबायचंच ठरवलं. त्याने स्वतः हो म्हटलेला खेळ! पुन्हा तेच ताटावरून उठणं. आणि घ्यावा, तर रविवारी पाच वाजून एका मिनिटाने तो माझा आवाज ओळखणार. मग दोन वर्षांतलं एकेक वाक्य आठवत बसेल पोरगा—हे आईचं, हेही आईचं. बाबांनी मला एक अक्षर लिहिलेलं नाही. ते त्याला सोसेल का? बरोबर ना तुमचं, थांबाच म्हणाल तुम्ही. मलाही वाटतं थांबावं. ठेवा तो डबा वर—नाही, थांबा. राहू द्या जरा समोर.

काय? कोण गृहस्थ?

आज सकाळी? दुकान उघडता उघडता? असतील हो कुणीतरी, हाच खेळ मागणारे काय कमी असतात... खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल? आता पेन्सिल पुष्कळ जण... डब्याचे चारही कोपरे दाबून बघितले? आणि दुसरा मागितला, कोपरा चेपलाय म्हणून? मग तुम्ही म्हणाला असाल ना, थांबा म्हणून? त्यांनाही सांगितलंत? आणि तरी घेतला! दूध आणायला गेलेला माणूस आज तासाभराने आला, मी म्हटलं रांग असेल.

माइकपण? हो, तपासल्याशिवाय नाहीच घेणार ते, इथेच लावून बघितला असेल. काय बोलले हो? एक-दोन-तीन म्हणाले असतील... नाही? मग काय? सांगा ना.

"मी बोलतोय"? एवढंच?

तीनदा. तीनही वेळा तेच.

बसते हं जरा या स्टुलावर. नाही, बरी आहे. पण भाऊ, म्हणजे रविवारी हे बसणार त्या खुर्चीत, आणि लेक त्यांना म्हणणार, तुम्ही त्या दिवशी लिहिलंत ना बाबा, जास्त बोललो म्हणून. मग? हे काय म्हणतील? मी कधी लिहिलं, म्हणतील? की... चार दिवसांनी बहिणीकडून आले होते तेव्हा मागचा सगळा मजकूर होता हो तिथे पडद्यावर, मला पुसता येत नाही. वाचला असेल का? कोपरे बघणारा माणूस, मजकूर बघितला नसेल?

बरं. ठेवा तो डबा वर, एका घरात दोन कशाला. रविवारी पाचपासून मी मौन धरणार आहे. देवाला शब्द दिला, इथेच, तुमच्या समोर. आतल्या खोलीत बसेन, मागे उभी राहणार नाही, बुरूज मोकळा पडू दे नाहीतर पूल बुडू दे, तोंडातून अक्षर काढणार नाही, ते दोघे काय बोलायचं ते बोलोत. आणि हे येतील बघा तुमच्याकडे, दोष सांगायला येणारच, तेव्हा मी आले होते म्हणून सांगू नका. बघा, आत्ताही काहीतरी सांगायला तोंड उघडलंत—नको. मी धरतेय ना मौन, तसंच तुम्हीही धरा भाऊ. आत्तापासूनच धरा.